हरलेल्याचा फोन

२०२० च्या नोव्हेंबरात मामांचा फोन आला. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मुख्याध्यापक. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत किती निवडणुकांची ड्युटी केली याची त्यांनाही मोजदाद नाही. मतपेटीला लाख लावण्याचा काळ त्यांनी पाहिला आणि मशिनला सील करण्याचाही. मी पेनसिल्व्हेनियात राहते म्हणून अमेरिकेच्या निवडणुकीबद्दल मला सगळं माहीत असणार, असा त्यांचा ठाम समज.

"अगं, बायडेन आला म्हणतात. पण जाहीर कोणी केलं? आयोगाचं पत्रक कुठाय?"

"आयोगाने नाही केलं, मामा. वृत्तसंस्थेने केलं."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "म्हणजे आपल्याकडे पीटीआयने सांगायचं की मुख्यमंत्री कोण, तसं?"

मी म्हटलं, बरंचसं तसंच. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १८४८ पासून हे काम करत आलीय. गावोगावचे आकडे गोळा करायचे, बेरीज करायची आणि मागे पडलेल्याला आता गाठणं शक्य नाही अशी खात्री झाली की अमुक जिंकला म्हणून सांगायचं. २०२० मध्ये मतदान ३ नोव्हेंबरला झालं आणि त्यांनी बायडेन यांचं नाव सांगितलं ७ तारखेला, शनिवारी. तोवर सगळा देश टीव्हीसमोर.

मामांचा गोंधळ समजण्यासारखा आहे. आपल्या डोक्यात निवडणूक म्हणजे आयोग. दिल्लीत पत्रकार परिषद होते, तारखा लागतात, त्या क्षणी आचारसंहिता लागते, चौकातले बॅनर उतरतात, कोनशिलेवर कागद चिकटवतात, मंत्र्यांची सरकारी गाडी परत जाते. अमेरिकेत यातलं काहीच नाही. तिथे केंद्रीय निवडणूक आयोग नावाची संस्था आहे खरी, पण तिचं काम उमेदवारांनी पैसा कुठून आणला आणि कुठे घातला ते पाहण्यापुरतं. मतदार यादी, मतपत्रिका, केंद्र, मोजणी हे सगळं ५० राज्यांचं, आणि राज्यांत ते पुन्हा काउंटीचं. काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा, बऱ्याचदा तालुक्याएवढाच. अशा ३ हजारांवर काउंट्या. एका काउंटीची मतपत्रिका शेजारच्या काउंटीसारखी दिसेलच असं नाही.

आणि या यंत्रणेच्या डोक्यावर बसलेला अधिकारी बहुतेक राज्यांत स्वतःच पक्षाचा माणूस असतो. २००० साली फ्लोरिडात निकाल प्रमाणित करणाऱ्या कॅथरीन हॅरिस राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज बुश यांच्या त्याच राज्यातल्या प्रचारसमितीच्या सहअध्यक्ष होत्या. २०१८ मध्ये जॉर्जियाचे ब्रायन केम्प राज्याच्या निवडणुकांचे प्रमुख होते आणि त्याच निवडणुकीत गव्हर्नरपदाचे, म्हणजे आपल्या मुख्यमंत्रिपदासारख्या पदाचे, उमेदवारही. हे ऐकून मामा म्हणाले, "म्हणजे कलेक्टरच उमेदवार, आणि मोजणीही त्याच्याच देखरेखीखाली!" ते हसले नाहीत. त्यांना खरोखर धक्का बसला होता.

आचारसंहितेचंही तेच. सरकारी नोकरांनी प्रचारात पडू नये यासाठी १९३९ चा हॅच कायदा आहे, पण त्यातून राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष वगळलेले. ऑगस्ट २०२० मध्ये ट्रम्प यांनी पक्षाची उमेदवारी स्वीकारल्याचं भाषण व्हाइट हाउसच्या हिरवळीवरून केलं. टीका झाली, पण राष्ट्राध्यक्षांना नोटीस पाठवणारं कोणी नव्हतं. प्रचाराची तोफ थंडावायला मतदानाआधी ४८ तासांची मुदतही नाही. मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ प्रचार करायचा नाही एवढं मात्र सगळीकडे आहे, अंतर राज्यागणिक वेगळं. टेनेसीत १०० फूट. तो नियम सुप्रीम कोर्टाने १९९२ मध्ये वैध ठरवला. आपल्याकडे १०० मीटर, म्हणजे तिप्पट. शिवाय बोलण्याच्या स्वातंत्र्याचं घटनादत्त कवच इतकं जाड की प्रतिस्पर्ध्याबद्दल जीभ सैल सोडली म्हणून उमेदवाराला दोन दिवस प्रचारबंदी, असला प्रकार तिथे संभवतच नाही.

मग हे गाडं चालतं कशावर? बरंचसं रीतीवर. लिहिलेल्या कायद्यावर नव्हे, चालत आलेल्या रीतीवर. त्यातली सगळ्यात महत्त्वाची रीत म्हणजे हरलेल्याने जिंकलेल्याला फोन करायचा.

ही रीत सुरू झाली तारेने. १८९६ मध्ये विल्यम जेनिंग्ज ब्रायन हरले आणि मतदानानंतर दोन दिवसांनी त्यांनी विल्यम मॅकिन्ले यांना अभिनंदनाची तार केली. आम्ही प्रश्न जनतेपुढे ठेवला होता, जनतेची इच्छा हाच कायदा, अशा अर्थाची. पुढे तारेच्या जागी रेडिओ आला, टीव्ही आला, फोन आला. क्रमही ठरून गेला: आधी खासगीत फोन, मग समर्थकांसमोर भाषण, आणि त्यानंतरच जिंकलेल्याने मंचावर यायचं.

त्याआधीचं अमेरिकन राजकारण फार सभ्य होतं अशी कोणाची समजूत असेल तर १८२८ ची निवडणूक वाचावी. अँड्र्यू जॅक्सन यांच्या पत्नी रेचल यांचा पहिल्या नवऱ्यापासूनचा घटस्फोट कायदेशीररीत्या पूर्ण होण्याआधीच हे लग्न लागलं होतं, ते प्रकरण विरोधी वर्तमानपत्रांनी महिनोन्‌महिने चघळलं. जॅक्सन जिंकले आणि डिसेंबरात रेचल वारल्या. याला विरोधकच जबाबदार, असं जॅक्सन कायम मानत राहिले. वॉशिंग्टनला आल्यावर मावळते राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांना ते भेटायलाही गेले नाहीत, आणि ॲडम्स त्यांच्या शपथविधीला गेले नाहीत. तेव्हा प्रचारातली चिखलफेक ही ताजी गोष्ट नव्हे. चिखल उडून झाल्यावर हात धुण्याची वेळ कोणती, एवढं मात्र १८९६ पासून ठरलं.

कायद्याच्या दृष्टीने या फोनची किंमत शून्य. हरलेल्याने फोन केला म्हणून कोणी राष्ट्राध्यक्ष होत नाही, नाही केला म्हणून कोणाचं पद जात नाही. खरा निकाल कागदावर सरकत असतो, तोही संथपणे. नोव्हेंबरात मतदान, मग राज्याराज्यांचं प्रमाणीकरण, डिसेंबरात ५३८ निर्वाचकांचं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडायला राज्याराज्यांनी नेमलेल्या प्रतिनिधींचं, आपापल्या राजधानीत मतदान, ६ जानेवारीला संसदेत त्या मतांची मोजणी, २० जानेवारीला दुपारी १२ वाजता शपथ. जवळजवळ अकरा आठवडे. आपल्याकडे मोजणीच्या दिवशी संध्याकाळी गुलाल उधळून होतो आणि विजयी उमेदवाराच्या हातात प्रमाणपत्र असतं. तिथे ही अडीच महिन्यांची पोकळी एका फोनवर तरून जाते.

२००० साली तो फोन दोनदा झाला. मतदानाच्या रात्री वाहिन्यांनी फ्लोरिडा बुश यांच्या खात्यात टाकलं. प्रतिस्पर्धी अल गोर यांनी फोन करून अभिनंदन केलं आणि नॅशव्हिलच्या पावसाळी रात्री भाषणासाठी निघाले. वाटेत त्यांच्या माणसांना कळलं की फ्लोरिडातलं अंतर भराभर घटतंय. गाड्यांचा ताफा पोहोचला, पण गोर मंचावर गेलेच नाहीत. बुश यांना पुन्हा फोन लावून त्यांनी आधीचा शब्द मागे घेतला. पुढचे ३६ दिवस फेरमोजणी, कोर्टकचेरी आणि अर्धवट भोक पडलेल्या मतपत्रिका भिंगाखाली धरून बघणारे अधिकारी. सुप्रीम कोर्टाने १२ डिसेंबरला ५ विरुद्ध ४ असा निकाल देऊन फेरमोजणी थांबवली. जवळपास ६० लाख मतांच्या राज्यात फरक राहिला ५३७ मतांचा. देशभरात गोर यांना ५ लाखांहून जास्त मतं अधिक होती, पण निर्वाचकांच्या गणितात त्याला अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी हार मान्य केली. बुश यांना फोन केल्याचं सांगताना ते म्हणाले, या वेळी परत फोन करणार नाही असं मी त्यांना वचन दिलंय.

गोर तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष होते. त्यामुळे ६ जानेवारी २००१ ला संसदेतल्या मोजणीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच. त्यांच्याच पक्षाचे सदस्य एकामागून एक उठून फ्लोरिडाला हरकत घेत होते आणि गोर हातोडा आपटून त्यांना खाली बसवत होते, कारण हरकतीवर एका तरी सिनेटरची सही लागते आणि ती कोणाकडेच नव्हती. सही नाही याची मला पर्वा नाही, असं एका सदस्याने सुनावलं. गोर म्हणाले, नियमांना आहे. गोर यांच्या राजकारणाबद्दल मला फार प्रेम नाही, पण तो तुकडा मी पुन्हा पुन्हा पाहिलाय.

आता थोडं लोकांकडे बघू. पुढारी कसा वागतो याचा आणि सामान्य मतदाराला काय वाटतं याचा संबंध काय?

ऑक्टोबर २००८. मिनेसोटातल्या लेकव्हिलमध्ये ओबामांविरुद्ध उभे असलेले रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांची सभा. मॅकेन मागे पडत चाललेत, लोक चिडलेत. एक जण उठून म्हणतो, ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले तर माझ्या होणाऱ्या बाळाला या देशात वाढवायची मला भीती वाटते. मॅकेन म्हणतात, ते सभ्य गृहस्थ आहेत, घाबरायचं कारण नाही. आणि त्यांच्याच सभेत त्यांची हुर्यो उडते. मग एक बाई माइक हातात घेते. ओबामांवर माझा विश्वास नाही, मी वाचलंय, ते अरब आहेत. मॅकेन मान हलवतात, माइक परत घेतात. नाही बाई, ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी मूलभूत मुद्द्यांवर मतभेद आहेत इतकंच.

हा प्रसंग आता दंतकथेसारखा सांगितला जातो, म्हणून दोन गोष्टी जोडते. एक, त्या उत्तरातून अरब माणूस आणि सभ्य माणूस ही जणू दोन टोकं असल्यासारखं वाटतं, ते तेव्हाही अनेकांना खटकलं होतं. दुसरी, ती भीती आभाळातून पडली नव्हती. ओबामा दहशतवाद्यांशी दोस्ती करतात, असं मॅकेन यांच्याच बाजूच्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन त्याच महिन्यात सभांमधून सांगत होत्या. आग आपल्याच मांडवात पेटलेली होती. मॅकेन यांनी निदान एक बादली पाणी ओतलं.

आमच्या गल्लीत त्या वर्षी घराघरासमोरच्या हिरवळीवर उमेदवारांच्या पाट्या खोचलेल्या होत्या. इथे झेंडे, पताका नसतात. दोन तारांवर उभी केलेली पुठ्ठ्याएवढी पाटी, बस. मतदानाच्या रात्री मॅकेन यांनी फीनिक्समध्ये हार मान्य केली, ओबामांचं नाव घेताच ओरडणाऱ्या आपल्याच लोकांना हाताने गप्प केलं. पुढच्या शनिवारी पानं गोळा करताना शेजाऱ्याने त्याची मॅकेनची पाटी उपटली आणि तारा वेगळ्या करून गॅरेजमध्ये ठेवल्या, टोमॅटोच्या रोपांना आधार द्यायला. २०२० मध्ये त्याच हिरवळीवरची ट्रम्प यांची पाटी मार्च आला तरी तिथेच होती. मी विचारलं नाही. त्याने सांगितलं, "निकाल लागलाय कुठे अजून?"

त्याला एकट्याला असं वाटत नव्हतं. प्यू संशोधन केंद्राने २०२० च्या निवडणुकीनंतर मतदारांना विचारलं होतं, निवडणूक नीट पार पडली का? बायडेन यांच्या मतदारांपैकी ९४ टक्के हो म्हणाले, ट्रम्प यांच्या मतदारांपैकी २१ टक्के. चार वर्षांनी पुन्हा विचारलं. ट्रम्प यांच्या मतदारांपैकी ९३ टक्के हो म्हणाले, त्यांच्याविरुद्ध हरलेल्या कमला हॅरिस यांच्या मतदारांपैकी ८४.

हे चार आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. बहुतेक ठिकाणी केंद्रं तीच, माणसं तीच, पद्धतही तीच. २०२० ला कोरोनामुळे टपाली मतं फार होती हे खरं, पण २१ वरून ९३ ला जाण्याइतकं काय बदललं? निकाल बदलला. आपला माणूस जिंकला की मोजणी चोख, हे माणसाच्या स्वभावातच आहे, गल्लीतल्या कबड्डीतही तसंच असतं. मला जास्त बोलका वाटतो तो शेवटचा आकडा. हॅरिससुद्धा हरल्याच होत्या. पण त्यांनी दुसऱ्याच दिवशी ट्रम्प यांना फोन केला, हॉवर्ड विद्यापीठाच्या आवारात उभं राहून निकाल स्वीकारायलाच हवा असं सांगितलं, आणि त्यांच्या हरलेल्या मतदारांपैकी ८४ टक्क्यांचा निवडणुकीवरचा विश्वास टिकला. सामान्य माणूस मोजणी केंद्रात जाऊन गठ्ठे मोजत नाही. तो आपल्या पुढाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

हा रोग एकाच पक्षाला आहे असं नाही. २००५ मध्ये ओहायोच्या मतांना डेमोक्रॅटिक सदस्यांनी हरकत घेतली होती. जानेवारी २०१७ मध्ये त्याच पक्षाचे काही जण ट्रम्प यांच्या मोजणीत उठले, तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या बायडेन यांनी आता संपलं म्हणून त्यांना थांबवलं. जॉर्जियात केम्प यांच्याविरुद्ध हरलेल्या स्टेसी एब्रम्स यांनी केम्प गव्हर्नर होणार हे मान्य केलं, पण हार मान्य हे शब्द उच्चारायला साफ नकार दिला. तरी या सगळ्याला २०२० च्या पारड्यात टाकून बरोबरी दाखवणं मला पटत नाही. तिथे खुद्द राष्ट्राध्यक्ष हरले होते, ६० च्या आसपास दावे कोर्टात टिकले नव्हते, जॉर्जियाची जवळपास ५० लाख मतं हाताने पुन्हा मोजून झाली होती, आणि तरीही २ जानेवारी २०२१ ला त्यांनी त्या राज्याच्या निवडणूक प्रमुखाला फोन करून ११,७८० मतं शोधायची आहेत असं सांगितलं. त्यांची पिछाडी होती ११,७७९. चार दिवसांनी त्यांच्या समर्थकांचा जमाव संसदेच्या इमारतीत घुसला, ते जगाने पाहिलं.

मामांना मात्र त्या जमावापेक्षा दुसरीच एक गोष्ट जास्त लागली. अटलांटाच्या मोजणी केंद्रात मायलेकी कामाला होत्या, मामांसारख्याच ड्युटीवरच्या. आईने लेकीच्या हातात काहीतरी दिल्याचं कॅमेऱ्यात दिसत होतं. ट्रम्प यांचे वकील रुडी जुलियानी यांनी ती चित्रफीत दाखवून सांगितलं की या दोघी मतं फिरवायला पेन ड्राइव्ह एकमेकींना देतायत, अमली पदार्थाच्या पुड्या द्याव्यात तशा. धमक्या सुरू झाल्या, आईला काही आठवडे घर सोडून राहावं लागलं. २०२२ मध्ये संसदेच्या चौकशी समितीने लेकीला विचारलं, आईने काय दिलं होतं? ती म्हणाली, आल्याची गोळी. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने जुलियानींना त्या दोघींना १४ कोटी ८० लाख डॉलर द्यायला सांगितले.

"आल्याची गोळी," मामा पुन्हा म्हणाले. "आम्ही रात्रभर मोजणीला बसायचो तेव्हा तुझी मामी डब्यात आलेपाक द्यायची."

दुसऱ्या पक्षाचा माणूस चोरच असणार असं वाटायला लागतं, तेव्हा चित्रफितीत काहीही दिसू शकतं. याचं मूळ निवडणुकीपेक्षा खोल आहे. १९६० मध्ये अमेरिकन माणसांना विचारलं होतं की तुमच्या मुलामुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल का? दोन्हीकडचे जेमतेम ४-५ टक्के हो म्हणाले होते. २०१० मध्ये रिपब्लिकनांपैकी निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एकतृतीयांश हो म्हणाले. महाराष्ट्रात स्थळ बघताना पत्रिका, गोत्र, पोटजात सगळं निघतं, पण पक्ष विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. एकाच वाड्यात थोरला एका पक्षात, धाकटा दुसऱ्यात आणि पुतण्या तिसऱ्यात, हे तर आपल्याकडे सोयीचंच मानतात. अमेरिकेत पक्ष आता जातीसारखा होत चाललाय. कुठे राहायचं, कोणती वाहिनी बघायची, लस घ्यायची की नाही, सगळं त्यावरून ओळखता येतं. अशा वेळी हरणं म्हणजे नुसती निवडणूक हरणं राहत नाही.

२०२२ च्या अखेरीस काही भोकं कायद्याने बुजवली. संसदेतल्या मोजणीला हरकत घ्यायला आता दोन्ही सभागृहांतल्या एकपंचमांश सदस्यांचा पाठिंबा लागतो, आणि उपराष्ट्राध्यक्षाचं काम फक्त वाचून दाखवण्याचं, निर्णय घेण्याचं नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहिलं गेलं. फोन करा असं मात्र कोणत्याच कायद्यात लिहिलेलं नाही, आणि लिहिता येणारही नाही.

६ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत होतं. मी मामांना व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि फोन टीव्हीसमोर धरला. लाकडी पेट्यांतून राज्यांचे दाखले निघत होते, वाचले जात होते. अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस. याआधी १९६१ मध्ये निक्सन यांनी आणि २००१ मध्ये गोर यांनी आपला पराभव असाच वाचला होता. त्याहून मागे, १८६१ मध्ये जॉन ब्रेकिनरिज यांनी लिंकन यांचा विजय असाच जाहीर केला होता, आणि त्याच वर्षी ते बंडखोर दक्षिणेच्या सैन्यात दाखल झाले. म्हणजे रीत पाळली की सगळं निभावतं असंही नाही.

हॅरिस यांनी आकडे वाचले. ट्रम्प ३१२, एका बाजूने टाळ्या. हॅरिस २२६, दुसऱ्या बाजूने टाळ्या. अर्ध्या तासाच्या आसपास सगळं आटोपलं.

"संपलं?" मामांनी विचारलं.

"संपलं."

"एजंटांच्या सह्या?"

"निर्वाचकांच्या आहेत, मामा, पेट्यांतल्या दाखल्यांवर."

"मग ठीक," ते म्हणाले आणि मामीला चहा टाकायला सांगून त्यांनी फोन ठेवला.